पिकअप दळवी मिस्त्रीकडे आहे

६ जानेवारी
आज गाडी बसली. बसली म्हणजे खरोखरच बसली, म्हशीसारखी. कामोठ्यातनं एका वाढदिवसाच्या खुर्च्या परत आणत होतो. सोसायटीच्या गेटाबाहेर स्पीडब्रेकर, अगदी हळू घेतला, तरी मागनं कड्ड. आरशात बघतो तर डावी बाजू खाली, मागचा माल भरायचा हौदा टायरवर टेकलेला. दोनशे खुर्च्या वर. वॉचमन म्हणाला, गाडी हटव. म्हटलं, तूच हटव बाबा.
हरीकाकांना फोन केला. काका म्हणजे मालक, मांडव-डेकोरेशनवाले, उलव्याच्या गावठाणातले. पहिला प्रश्न, "तुला लागला का कय?" दुसरा, "खुर्च्या?" गाडीचं तिसऱ्या नंबरला विचारलं.
टोचन करून, टेम्पोला बांधून ओढत, दळवी मिस्त्रीच्या गॅरेजला नेली, तिथंच कामोठ्यात. येताना रिक्षा. तीन वर्षांत पहिल्यांदा मागं बसलो. रिक्षावाल्याचे ब्रेक मीच दाबत होतो पायानं.

७ जानेवारी
दळवी मिस्त्री चिपळूणकडचे. शब्द मोजून देतात. गाडीखाली गेले आणि हातोडीनं चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वाजवत सुटले. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. उजवीकडं ठण्ण, ठण्ण. डावीकडं थप. थप. स्प्रिंगचा पाटा धरणारं ब्रॅकेट तर तुटलंच होतं, पण ते जिथं बसतं तिथं स्क्रूड्रायव्हर टेकवला तर भाकरीत बोट जावं तसा आत गेला.
विचारलं, इंजिन?
"इंजिनाला काय झालंय. पाय गेले हिचे."
दोन रस्ते सांगितले. एक, डावी बाजू कापायची, नवी पट्टी मारायची, आडवा क्रॉस बदलायचा. वर्ष-दोन वर्षं निघतील, पुढच्या आरटीओ पासिंगला काय होईल ते तेव्हा. दुसरा, आहे तशी देऊन टाकायची आणि दुसरी बघायची. काका म्हणाले, "बगू." काकांचं बगू म्हणजे आठवडा.
पौष चाललाय, लग्नं नाहीत, तेवढं बरं. माघी गणपतीचा मांडव पहिला. त्याच्या मागोमाग घरचीच हळद, काकांचा पुतण्या मयूर, त्याची. तोवर गाडी पाहिजेच. ही नाहीतर दुसरी.
निघताना मिस्त्रींनी चासीवर बोट घासलं, जिभेला लावलं, थुंकले. "मासळी मारता काय हिच्यात?"
म्हटलं, खुर्च्या मारतो.
"खारट आहे."
बास. एवढंच.

८ जानेवारी
ते खारट काकांच्या डोक्यात बसलं. दिवसभर घुमत होते. माझ्या गाडीत मासळी कोणी घातली? संध्याकाळी मयूरला अंगणात बोलावलं. आजूबाजूचे सगळे ओट्यावर.
"करंजाचे बंदराला जात व्हतास ना? बर्फाच्या पेट्या घातल्यास माझे गारीत?"
"नाय काका. एकवीरा आईची शपथ."
"मंग रविवारी गारी कनाला नेत व्हतास?"
मयूर चपलेनं माती उकरत राहिला. मला माहीत होतं कनाला, चावी मीच द्यायचो. टेनिस बॉलच्या मॅचेस. अख्खी टीम हौद्यात उभी करून न्यायचा. पण क्रिकेटचं नाव काढायचं नाही असा काकांचा दम आहे, गेल्या वर्षी मॅचच्या नादात एका लग्नाचे पाईप वेळेत पोचवले नव्हते त्यानं. शेवटी म्हणाला, "मॅचला."
"मॅचला जाऊन चासी खारट होते?"
कोणीतरी हसलं. काका आणखी तापले. मग जे बोलले ते बोलायला नको होतं. "तुझे हलदीला माझा मांडव नाय लागनार."
इथं लग्नापेक्षा हळद मोठी. चुलत्याचा मांडवाचा धंदा आणि पुतण्याच्या दारात बाहेरचा मांडव, म्हणजे गावभर झालं. मयूरचा चेहरा पडला. गोडाऊनची चावी ओट्यावर ठेवली, गेला.
खरं लिहितो. मला आतनं बरं वाटलं. तीन वर्षं घाटी, घाटी करतो मला. "ए घाटी, गाडी पुस. ए घाटी, तुमच्यात समुद्र कुठल्या बाजूला असतो?" म्हटलं, घे आता.

९ जानेवारी
काम नाही. खुर्च्या पुसल्या. मांडवाचे पडदे उन्हात टाकले. परत खुर्च्या पुसल्या. मला रिकामं बसवत नाही, पाय खाजतात.
काका काकींना सांगत होते ते ऐकलं, "नवी घेतली तर लहान घेऊ. मीच चालवीन. डायवर कनाला?" काकी काहीतरी बोलल्या, ऐकू आलं नाही.
म्हणजे गाडी बदलली तर मी पण बदललो.
दुपारी कळंबोलीला गेलो, बबन भेटला, जतचा, आमच्याच बाजूचा. ट्रेलर चालवतो. म्हणाला, संक्रांतीला दुपारी गुजरातला निघतोय, बाजूची सीट मोकळी आहे, चार महिने बस, मग स्टिअरिंग देतो हातात. अठरा चाकांची गाडी. सांगतो म्हटलं. पण मनातनं जवळजवळ हो म्हणूनच आलो.

१० जानेवारी
आज कळलं. लिहू का नको, लिहितो.
सकाळी उठलो, सवयीनं बोअरचा पाईप हातात घेतला. गाडी नाहीच धुवायला. म्हणून नारळाला पाणी सोडलं आणि पंपाच्या मोटारीच्या लोखंडी अँगलला टेकून उभा राहिलो. शर्टाला लाल पापुद्रे चिकटले. अँगल सोलून निघालेला, बोटानं दाबला तर भुगा. हा अँगल काकांनी गेल्या दिवाळीच्या आधी नवीन बसवलेला. मी धरला होता, त्यांनी बोल्ट आवळले होते.
पाईपाचं पाणी तोंडात घेतलं. तेच खारट.
मासळी नाही. मयूर नाही. मी.
आमच्यात उन्हाळ्यात टँकर येतो. गाडी धुवायची म्हणजे ओलं फडकं फिरवायचं, तेही कोणी बघत नाही ना बघून. इथं आलो तेव्हा एक बटण दाबलं की हाताएवढी धार बघून येडाच झालो होतो. पाणी मचूळ आहे हे कळत होतं, साबणाला फेस येत नाही. पण मचूळ तर आमची पण बोअर आहे, त्यावर जनावरं जगतात. पाण्यानं कोणाचं वाईट होतं हे डोक्यात येणार कुठनं?
रोज धुतली. पाऊस सोडून रोज. वरनं नुसती नाही. चाकाच्या आत, पोटाखाली, चासीला जी भोकं असतात त्यात पाईप खुपसून. वाळल्यावर पांढरं उमटायचं, मला वाटायचं विमानतळाच्या कामाची धूळ. म्हणून आणखी एकदा धुवायचो.
तीन वर्षं खाडीत उभी केली असती तरी एवढं झालं नसतं.

११ जानेवारी
दळवी मिस्त्रींकडे एकटाच गेलो. विचारलं, बोअरच्या पाण्यानं असं होतं काय.
"कुठली बोअर?"
"उलव्याची. गावठाणातली."
"कितीदा धुतोस?"
"रोज."
"किती वर्षं?"
सांगितलं. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "मासळीवाला पण रोज धूत नाही रे."
काकांना तुम्ही सांगता का म्हटलं. म्हणाले, "मी लोखंडाचं बघतो."

१२ जानेवारी
नाही सांगितलं. तीनदा जवळ गेलो. एकदा काका जेवत होते, एकदा फोनवर, एकदा काहीच करत नव्हते.
मयूरचे वडील सानपाड्याच्या कोण्या मांडववाल्याकडे जाऊन आले म्हणे. काकींनी सांगितलं आणि पदरानं डोळे पुसले.
आईचा फोन. पहिलं गाडीचं विचारती, घरचा बैल असल्यासारखं. "गाडी बरी हाय न्हवं?" बरी आहे म्हटलं. "धुतोस का रोज?" म्हटलं, धुतो. फोन ठेवला.

१३ जानेवारी
बॅग भरली. एक बॅग, मोठी झालीच नाही कधी.
सांगलीला बेकरीत होतो तेव्हा ट्रॉली उलटली, सगळे पाव भुईवर. मालक यायच्या आत मी एस्टीत. पुण्याला गॅरेजमालकाची मोटरसायकल ठोकली, दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूर. माझी चूक झाली की माझे पाय माझ्या आधी ठरवतात. फिरस्ता, फिरस्ता म्हणतात गावात. फिरस्ता कसला, पळपुटा.
उद्या दुपारी बबन कळंबोलीच्या पुलाखाली थांबतो. मी गेलो तर कोणाला कळणार? मिस्त्री बोलणार नाहीत. काका म्हणतील घाटी गेला निघून, सगळे जातात. मयूरची हळद बाहेरच्या मांडवात होईल. होऊ दे. माझा कोण आहे तो?
लिहिलं खरं. बरं वाटत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळी काकींनी तिळाचे लाडू दिले, दोन हातात, दोन खिशात. बॅग गोडाऊनच्या दारामागं ठेवली होती. अकराला निघायचं म्हणून काकांच्या पाया पडायला गेलो. जातो म्हणून नाही, सणाच्या नावानं. काका पंप चालू करून नारळाला पाणी सोडत होते.
तेवढ्यात मयूर आला. इस्त्रीचा शर्ट घालून. काही बोलला नाही, पाया पडला, तिळगूळ पुढे केला. काकांनी हात मागं बांधले. घेतलाच नाही. तो वाकलेला तसाच. काकी दारात. 
मी म्हटलं, "काका, घ्या. त्यानं नाही केलं. मी केलं."
"कय केलास?"
पाईपाकडं बोट दाखवलं. "हे पाणी."
एकदा तोंड उघडल्यावर थांबलोच नाही. चासीची भोकं, पांढरे डाग, अँगल, मिस्त्री, सगळं सांगितलं. बॅगेचं पण सांगितलं, ते कशाला सांगितलं कुणास ठाऊक. काकांनी पंप बंद केला. अँगलजवळ गेले, नखानं पापुद्रा काढला, जिभेला लावला.
"तीन वर्सं?"
"तीन वर्षं."
"रोज?"
"पाऊस सोडून."
आणि मग दारातनं काकी हसायला लागल्या. आधी पदर तोंडावर धरून, मग नुसत्याच. "आगं बाय माजे! या पान्यान मी पायपुसना पन नाय धुवत, आनि यो गारीला रोज आंघोल घालतो!" मग काकांकडं वळल्या. "आनि तुमी कय करत व्हते? रोज सकाली ओट्यावर चाय पीत बगत व्हते ना? गावभर सांगत व्हते, आमचा नवनाथ गारी कशी ठेवतो, शिका जरा त्याचेकरून!"
खरं आहे. सांगायचे काका. लोकांना बोलावून दाखवायचे.
काकांचे कान लाल झाले. "मना वाटला नळाचा पानी हाय."
"नळाला पानी सात ते आठ. यो साडेआठला धुतो. तुमाला घड्याल नाय?"
मयूर अजून वाकलेलाच होता, तो तसाच हसायला लागला आणि खाली बसला. काकांनी त्याच्या हातातला लाडू घेतला, अख्खा तोंडात टाकला, म्हणजे बोलायला नको.
बबनचा फोन बाराला आला. मी म्हटलं, तू जा. शिवी दिली त्यानं. पण हसून दिली.

१५ जानेवारी
आज सात भाकऱ्या खाल्ल्या. काकींनी मोजल्या.
बॅग रिकामी केली.
मला वाटलं होतं सांगितल्यावर छातीवरनं काहीतरी उतरेल वगैरे. तसलं काही झालं नाही. फक्त भूक लागली आणि दुपारी झोप लागली, खुर्च्यांच्या थप्पीला टेकून, तोंड उघडं टाकून. मयूरनं फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलंय, "चासी डॉक्टर."

१६ जानेवारी
काकांनी माफी कशी मागितली ते लिहून ठेवतो. मागितली नाही. टेप घेतला, मला बरोबर घेतलं, मयूरच्या दारात गेलो. मयूरचे वडील खुर्चीत. काका बोलले नाहीत, टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं धरून अंगण मोजायला लागले. मयूरचे वडील टोक धरून उभे.
"चालीस बाय साठ बसतो," काका म्हणाले.
"सानपाड्याचे मानसाला सांगून ठेवलाय मी," मयूरचे वडील.
"मंग सांग त्याला, नको म्हनून."
टेपचं टोक अजून त्यांच्या हातातच. मग मयूरचे वडील म्हणाले, "रंग कंचा लावशील?"
झालं. चहा आला. येताना काका मला म्हणाले, "तू तरी पहिले दिवशी सांगाचा." म्हटलं, पहिल्या दिवशी मलाच माहीत नव्हतं. "मंग कलला त्याचे दुसरे दिवशी." मी टेप गुंडाळत राहिलो. काकांनी पण पुढं ओढलं नाही.

१७ जानेवारी
आता गाडीचं. एवढ्या सगळ्यात ती तिथंच आहे, मागची चाकं काढून ओंडक्यांवर.
काकांबरोबर नव्या गाड्या बघायला गेलो. पांढरी, सीएनजी, आत सेंट मारल्यासारखा वास. सेल्समननं काकांना सर म्हटलं, मला बाजूला व्हा म्हटलं. काका आत बसले, स्टिअरिंग धरलं, लगेच उतरले. "गुडगे लागतान." हौदा मोजला. आपले मांडवाचे पाईप दोन हात बाहेर राहतात. त्याहून मोठी बघितली, ती गावठाणाच्या गल्लीत वळणार नाही. सेल्समन म्हणाला, सर गल्लीच्या बाहेर पार्क करा ना. काका म्हणाले, "तुझे घराचे बाहेर तू झोपतंस का?"
जुन्या गाड्यांच्या बाजारात पण गेलो. एक चांगली वाटली. मी खाली घुसलो, चासीवर बोट घासलं, जिभेला लावलं. विकणारा बघतच राहिला. रंगाची चव लागली. कालच मारलेला.
काका येताना म्हणाले, ही गाडी घेतली तेव्हा उलव्याला धड रस्ता नव्हता. लोकांची बाळंतपणं नेली, प्रेतं नेली, मांडव तर किती. मग म्हणाले, "पन जुनी ती जुनी." मग पुन्हा काहीतरी म्हणाले आणि अर्ध्यात सोडलं.

१८ जानेवारी
दळवी मिस्त्रींकडे गेलो, काका, मी आणि मयूर. मयूर उगाच. चासीचा सडका भाग खडूनं आखलाय मिस्त्रींनी. माझ्या हातापेक्षा लांब. म्हणाले, आतनं किती खाल्लंय ते कापल्याशिवाय कळणार नाही. कापलं आणि पुढं पण थप निघालं तर मग भंगारच, मग आहे तशी पण कोणी घेणार नाही. न कापता दिली तर इंजिनाच्या जिवावर गिऱ्हाईक आहे, पनवेलचा एक जण, उद्यापर्यंत थांबतो म्हणालाय.
काकांनी विचारलं, "तुमी कय कराल?"
"माझी गाडी नाही."
काकांनी माझ्याकडं बघितलं. "तू बोल. चालवाची तुला हाय."
मी म्हटलं, तुम्ही तर स्वतः चालवणार होता, डायवर कनाला म्हणाला होता.
"कनी सांगितला तुला?"
"ऐकलं."
"आयकतंस बरा. मंग आता ठरव पन तूच. उद्या मिस्त्रीला फोन कर. मना विचारू नको."
मयूर म्हणाला, "घाटी ठरवनार? मंग गारी म्हशीसारखी विकंल, दात बघून." पण नंतर टपरीवर त्यानं हळूच विचारलं, तुला काय वाटतं, निघंल का रे हळदीपर्यंत? म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. चूक सांगणं सोपं होतं, ती झालेली असते. हे तर अजून व्हायचंय.

१९ जानेवारी
सकाळी साडेनऊ. गोडाऊनच्या पायरीवर लिहितोय. हरीकाका ओट्यावर पेपर वाचतायत, म्हणजे पेपर धरून बसलेत. पान उलटलेलं नाही.
मघाशी पनवेलच्या माणसाचा फोन आला, लवकर सांगा. मागोमाग दळवी मिस्त्रींचा. मागं गॅस कटरचा आवाज, सुर्र. "पेटवलाय. कापू का?"
कधी कोणी मला असं विचारलं नव्हतं. हे कर, ते उचल, बाजूला हो, एवढंच ऐकत आलोय. इंजिनाचा आवाज आठवायचा प्रयत्न केला, खडूची रेघच दिसत राहिली.
म्हटलं, "मी येईपर्यंत हात लावू नका."
"ये मग."
मयूरची मोटरसायकल घेऊन निघतो. मी मागायच्या आधीच त्यानं चावी फेकली माझ्याकडं. गाडीखाली झोपून एकदा स्वतः चासी वाजवून बघणार, इकडनं तिकडं, सगळी. ज्या हातानं वाट लावली त्याच हातानं हातोडी धरायची आहे. ठण्ण का थप, जे वाजंल त्यावर कापायचं का विकायचं ते सांगणार.